यिर्मयाचे पत्र पहिल्या ओळीपासून वाचताना

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दरवर्षी बायबलमधील वचनांचे कॅलेंडर लागते. सहा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरमध्ये जून महिन्याच्या पानावर यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे, हे वचन होते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते तुमच्या हिताचे आहेत, असे परमेश्वर त्यात सांगतो. जून संपला, तरी ते पान मी उलटू दिले नाही. त्याच महिन्यात माझी एकोणीस वर्षांची नोकरी गेली होती, मुलगी दहावीला होती, आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या ओळीकडे पाहत मी एकच प्रश्न विचारत असे, की देवाने माझ्यासाठी जी योजना आखली आहे ती नेमकी कोणती, आणि ती तो मला कधी सांगणार आहे.

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत एक निवृत्त शिक्षिका येतात. मी तेच वचन वाचून प्रार्थनेची विनंती केली, तेव्हा त्यांनी विचारले, "दादा, हे कोणाला लिहिले आहे?" मी म्हणालो, "आपल्याला." त्या म्हणाल्या, "आपल्यापर्यंत ते येईलच. त्याआधी कोणाला?" आणि त्यांनी मला तो अध्याय पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावला.

संडे स्कूलपासून पवित्र शास्त्र हाताळत आलेल्या मला त्या रात्री प्रथम कळले, की ते एक पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून जे लोक बाबेलास धरून नेले, त्यांना यिर्मयाने ते पाठवले. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मया मात्र त्यांना सत्तर वर्षे सांगतो. म्हणजे ज्या प्रौढ माणसांच्या हाती ते पत्र पडले, त्यांपैकी बहुतेकांना आपले गाव पुन्हा दिसणार नव्हते. मी ज्या ओळीला धरून बसलो होतो, ती या सत्तर वर्षांच्या लगेच पुढची ओळ आहे. आणि तोवर करायचे काय, हेही त्याच पत्रात वर स्पष्ट लिहिलेले आहे: घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्या नगरासाठी, म्हणजे शत्रूच्या राजधानीसाठी!

मला वचनांच्या कॅलेंडरविषयी तक्रार करायची नाही. माझ्या आईने शेवटच्या आजारपणात अशाच सुट्या ओळींच्या आधारावर दिवस काढले आणि त्या ओळींनी तिला दगा दिला नाही. परंतु आयुष्याचा हेतू शोधायला निघालेल्या माणसाने शास्त्रातून आपल्याला हवी तेवढीच ओळ उचलली, तर त्याला बहुधा हनन्याचाच आवाज ऐकू येतो, कारण तो आपल्या इच्छेच्या आवाजाशी जुळतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

या संदर्भात मला पंडिता रमाबाईंची फार आठवण येते. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या, पुढच्या वर्षी लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. या स्त्रियांविषयी तुम्हांला एवढी कणव का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची हकिकत, वाचून दाखवण्यात आली. रमाबाई संस्कृताच्या गाढ्या विदुषी होत्या. अर्थ कसा लावायचा हे त्यांना शिकवावे लागणार नव्हते. तरीही त्यांचे वाचन अर्थापाशी थांबले नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर आणले आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. एका अध्यायातील एका बाईपाशी सुरुवात करून त्या केडगावच्या माळरानापर्यंत चालत गेल्या. एवढ्यावरही न थांबता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठी बाईला कळेल असे संपूर्ण बायबल भाषांतरित केले, आणि मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शास्त्र समजून घेण्याचे त्यांचे काम अखेरपर्यंत चालू होते.

माझ्या वाट्याला आलेले पाऊल फार लहान होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की तू वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे मी शेकडो वेळा ऐकले होते, पण भावावर माझा राग असेल तर, असाच त्याचा अर्थ धरत आलो होतो. शब्द नीट वाचल्यावर दिसले, की प्रश्न त्याच्या मनात काय आहे हा आहे. नेवासे तालुक्यातील आमच्या शेतात बांधावरून आम्हा दोघा भावांचा सात वर्षांचा अबोला होता. मोजणीचा अर्ज मीच केला होता.

मी एसटीने गावी गेलो. भाऊ गोठ्यात धार काढत होता. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि धार पुरी होईपर्यंत बोलला नाही. मी तिथेच उभा राहून म्हणालो, "अर्ज मागे घेतो. माझे चुकले." त्याने दुधाची बादली माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "आत चल, वहिनी चहा ठेवते."

नोकरी पुढे मिळाली, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. ते उत्तर होते असे मी म्हणणार नाही. माझ्यापुरते उत्तर त्या गोठ्यात मिळाले होते, कारण मी ज्याला योजना म्हणत होतो ती दूर कुठेतरी ठेवलेली आहे असे मला वाटत होते, आणि वाचलेले पहिले वाक्य पाळायला गेल्यावर दुसरे वाक्य उघडत गेले.

आता बुधवारी आम्ही यिर्मया सलग वाचतो. मागच्या महिन्यात बत्तिसावा अध्याय आला. यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी तो अनाथोथ या आपल्या गावातील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदारांपुढे खरेदीखत होते, आणि मोहोर केलेली व उघडी अशा दोन्ही प्रती तो मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. भाऊ त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामी होता आणि कोपऱ्यात बसून ऐकत होता. "मडक्यात ठेवले ते बरोबर केले," तो म्हणाला, "नाहीतर वाळवीने कागद शिल्लक ठेवला नसता." मग त्याने तो अध्याय पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावला.