न्यूट्रल कर!

“न्यूट्रल कर,” मामा म्हणाले.

हेळवाक मागे पडलं होतं आणि कुंभार्ली घाटाचा उतार नुकताच लागला होता. गणपतीचे दिवस, आणि धुकं असं की पुढच्या एसटीचे फक्त मागचे दिवे दिसत होते. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली तशी ती जरा गुरगुरली. उंब्रजला हायवे सोडल्यापासून मामा घोरत होते. पाटणला चहासाठी हलवलं तरी उठले नव्हते. या गुरगुरीने मात्र टक्क जागे.

“एवढा फुकटचा उतार आणि इंजिन कशाला बोंबलवतोस? पेट्रोल वर आलंय का?”

मला गाड्यांचा नाद आहे. टायरवरचे चार आकडे वाचून तो कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला हे मी सांगू शकतो. जपानच्या सुझुकाची शर्यत बघायला मी गजर न लावता उठतो. घरात या विद्येला काडीची किंमत नाही, म्हणून कोणी गाडीबद्दल चकार शब्द काढला की मला राहवत नाही. इथेच चुकलं.

“मामा, आता गाड्यांमध्ये इंजेक्शन असतं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तो पेट्रोल बंदच करतो. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जाळावं लागतं.”

“म्हणजे इंजिन ओरडतंय तेव्हा पेट्रोल लागत नाही, आणि गप्प बसतं तेव्हा लागतं?”

“हो.”

मामांनी मागे वळून मामीकडे पाहिलं. पोरगा हुशार होता हो लहानपणी, अशा नजरेनं.

मामांचं शास्त्र प्रीमियर पद्मिनीवर झालेलं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय दिवस उगवायचा नाही. घाटमाथ्यावर ते थेट किल्लीच बंद करत आणि पोफळीपर्यंत गाडी नुसती घरंगळत नेत. वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब मामींना अजून तोंडपाठ आहे, कारण तो त्यांनी दर गणपतीला ऐकलाय. आणि खरं सांगायचं तर मामा तेव्हा चूक नव्हते. तेव्हा इंजिनाला पेट्रोल पुरवायचा तो कार्ब्युरेटर, बिचारा अडाणी. इंजिन जोरात फिरलं की त्याच्या ओढीने पेट्रोल जातच राहायचं, मग ते उतारावर उपयोगाचं असो वा नसो. पण आजच्या गाडीची किल्ली घाटात बंद केलीत तर दोन-तीन दाबांत ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि पुढचा प्रवास दरीतून.

“मामा, फॉर्म्युला वनमध्ये 2010 पासून शर्यतीत मध्येच पेट्रोल भरायला बंदी आहे. त्यामुळे वेळ आली की ते ड्रायव्हरसुद्धा वळणाच्या आधीच पाय काढतात. पण गाडी गिअरमध्येच.”

“एवढ्या मोठ्या लोकांनाही परवडत नाही बघ,” मामा मामींना म्हणाले. बाकीचं वाक्य वाऱ्यावर.

मामी मागून वेगळ्याच कामात होत्या. रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी एक नॅव्हिगेटर बसतो. “डावं तीन, पुढे आवळतंय” असं वहीतून वाचत तो पुढचं वळण आधीच सांगतो. मामी वळण झाल्यावर सांगतात. “अगं बाई, केवढं वळण होतं!” शिवाय उजव्या पायाने त्या माझ्या सीटच्या पाठीवर ब्रेक दाबतात. तो ब्रेक थेट माझ्या मणक्याला लागतो.

शेवटी मी पुराव्यावर आलो. मीटरमध्ये त्या क्षणाचं मायलेज दाखवणारा आकडा असतो, तो लावला. दुसरा गिअर, पाय वर. 99.9. त्याच्यापुढे त्याला मोजताच येत नाही. “आता बघा,” म्हणून मी न्यूट्रल केलं. आकडा धाडकन पंचेचाळिसावर आला. मामा चष्मा लावून वाकले. गाडी मात्र माझ्या प्रयोगासाठी थांबणार होती थोडीच? तिने वेग धरला आणि वळणावर खालून उसाचा नसला तरी तेवढाच लादलेला ट्रक वर आला. घाटात वाट चढणाऱ्याची, हा नियम. मी करकचून ब्रेक मारला, मामींनीही मारला. ट्रकवाला जे बोलला त्यात एक शब्द शाकाहारी नव्हता.

“आकडा बघितलात ना?” मी दुसरा गिअर टाकत विचारलं.

“बघितला. पण तो लिहिला कोणी? कंपनीने. कंपनी स्वतःला कमी मार्क देईल होय?”

मी पोफळीपर्यंत गप्प.

खाली टपरीवर चहाला थांबलो. शेजारी एक नवीकोरी गाडी उभी होती, पुढच्या चाकांतून धूर आणि जळक्या ब्रेकचा तो उग्र, घशात बसणारा वास. मालक घाबराघुबरा होऊन बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता. मी उठायच्या आत मामा उठले.

“थांबा, थांबा! तापलेल्या ब्रेकच्या डिस्कवर पाणी नको, वाकडी होईल. निवू दे आपोआप. न्यूट्रलवर उतरलात ना?”

“हो काका, पेट्रोल वाचावं म्हणून…”

“खुळे आहात! घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि पेट्रोल शून्य लागतं, शून्य. तो कॉम्प्युटर बंद करतो. मीटरवर आकडा येतो बघा, नव्याण्णव पॉइंट नऊ.”

तो माणूस हात जोडायचाच बाकी होता. “काका, तुम्ही मेकॅनिक का?”

“छे हो,” मामा चहा बशीत ओतत म्हणाले, “अनुभव.”

मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी दोन उचलली.

गाडीत बसलो. चिपळूणकडे रस्ता हलकासा उतरत होता, एरवी जाणवणारही नाही इतका. मामांनी पट्टा लावला, सीट मागे केली, डोळे मिटले.

“घाट संपला ना?” ते म्हणाले. “मग आता तरी न्यूट्रल कर.”