टर्बो गाडीचा फटाका म्हणजे पॉवर नव्हे

एक रील गेले काही दिवस फिरतेय. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, मित्सुबिशी इव्हो ही टर्बो गाडी उभी आहे, हिरवा दिवा लागायची वाट बघत धडाधड फटाके फोडतेय, सायलेन्सरमधून ज्वाळा येताहेत. खाली मराठीत ज्ञान दिलंय: जेवढा मोठा फटाका तेवढी पॉवर जास्त, कारण जादा पेट्रोल जळतं. गिअर बदलताना येणारा ‘स्तु-तु-तु’ आवाज वेस्टगेटचा. प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा, कारण टर्बोचा साइज वेगळा. आणि कंपनी हे फटाक्याचं फीचर मुद्दाम बंद ठेवते. रीमॅप करून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, कुठल्याही टर्बो गाडीत, पेट्रोल असो की डिझेल, ते चालू करता येतं, गाडीला काही होत नाही.

असल्या रील्स मी सोडून देतो. पण ही माझ्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली दाजींना विचारलं, ‘आपल्या गाडीला करायचं का?’ दाजी म्हणाले, ‘बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार, म्हणून हे लिहावं लागतंय.

सायलेन्सरमध्ये जळलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलत नाही. ताकद सिलिंडरमध्ये तयार होते. बाहेर पडलेलं मिश्रण पुढे कुठे पेटलं तर चाकांना त्याचं काय? मग ट्रॅकवरचे लोक हे करतात कशाला? टर्बो जागा करायला. टर्बोत एका बाजूला एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरणारं टर्बाइन असतं. ते दुसऱ्या बाजूचा कॉम्प्रेसर फिरवतं आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या दाबाला म्हणतात बूस्ट. गाडी उभी, क्लच दाबलेला, इंजिनवर ओझं शून्य. अशा वेळी ४,००० आरपीएम धरून ठेवायला अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला तरी पुरतो. हवा थोडीच आत जाते, एक्झॉस्टही थोडाच निघतो, टर्बाइन सुस्त. बूस्ट हवा तर पाय पूर्ण दाबायला हवा, आणि तो दाबला की आरपीएम पळत सुटणार. आरपीएम मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर गाडीत असतोच. इथे टू-स्टेप नावाचा दुसरा, खालचा लिमिटर कामाला येतो. ठरलेल्या आरपीएमला तो काही ठिणग्या गाळतो आणि उरलेल्या उशिरा पाडतो. एरवी पिस्टन वर पोचायच्या आधी पडणारी ठिणगी आता तो खाली निघाल्यावर पडते. जळणं पुरं व्हायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, न जळलेलं मिश्रण तापलेल्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या पाइपांत, पेटतं आणि त्या जोरावर टर्बाइन गरगरायला लागतं.

म्हणजे फटाके फुटत असतात तेव्हा इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. तीच रील पुन्हा लावा आणि नीट ऐका: क्लच सुटला, गाडी निघाली की फटाके बंद. खरी पॉवर त्यानंतर येते. आपल्याकडची बुलेटवाली पोरं चालत्या गाडीत किल स्विच बंद-चालू करून हाच उद्योग करतात. ठिणगी बंद, पेट्रोल थेट सायलेन्सरात, स्विच चालू, ढम्म! त्याने बुलेट जोरात पळायला लागली असं अजून तरी कुणी मला सांगितलेलं नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की बूस्ट आधीच तयार असल्यामुळे गाडी लाइनवरून लवकर सुटते, आणि ४०२ मीटरच्या शर्यतीत तो फायदा मोठा असतो. पण ते श्रेय बूस्टचं.

आवाज वेगळे का? टर्बोच्या साइजने थोडा फरक पडतो, पण मुख्य प्रश्न लिमिटर काय कापतो हा आहे. ठिणगी कापली तर कडक फटाके. पेट्रोल कापलं तर पेटायलाच काही नाही, म्हणून इंजिन नुसतं अडखळल्यासारखं वाजतं. ठिणगी फक्त उशिरा केली तर जाड, खरखरीत घरघर. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये तर डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. इंजिनाला खरोखरच ओझं मिळतं आणि फटाक्यांविनाच बूस्ट येतो. अशी गाडी शेजारच्या फटाकेवाल्याला आरामात मागे टाकू शकते. जुन्या सुबारू इम्प्रेझाची ती प्रसिद्ध घरघर तर एक्झॉस्टचे पाइप असमान लांबीचे म्हणून येते, टर्बोचा तिथे काही संबंध नाही.

‘स्तु-तु-तु’ वेस्टगेटचा नाही. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वगळून सोडून देणारी झडप, ती एक्झॉस्टच्या बाजूला असते. हा आवाज थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, अचानक मिटल्यावर अडकलेली हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते त्याचा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असेल तर तीच हवा ‘प्श्श’ करून बाहेर जाते. पुढे चला.

आता तो ‘गाडीला काही होत नाही’वाला मुद्दा. दाजी, ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा आणि चेक इंजिनच्या दिव्याचं पान वाचा. दिवा सतत पेटला तर गाडी दाखवून घ्या. लुकलुकायला लागला तर लगेच वेग कमी करा, असं तिथे असतं. लुकलुकणं म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं, इतका आहे की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघेल. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या पेट्रोल कारला ओबीडी-टू, म्हणजे गाडीतले बिघाड स्वतःच ओळखणारी यंत्रणा, सक्तीची आहे आणि त्यात मिसफायर पकडणं बंधनकारक आहे. ज्या गोष्टीबद्दल गाडीचा कॉम्प्युटर ओरडतो, तीच हा रीमॅपवाला पैसे घेऊन करून देणार! कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. ती वितळली की एक्झॉस्ट तुंबतो आणि गाडी चढावर धापा टाकायला लागते. ट्रॅकवरच्या गाडीतून बहुतेक वेळा कन्व्हर्टर काढूनच टाकलेला असतो. जागतिक रॅलीत अँटी-लॅग, म्हणजे चालत्या शर्यतीत असंच एक्झॉस्टमध्ये पेट्रोल पेटवून टर्बो फिरता ठेवणारी युक्ती, वापरणाऱ्या टीमकडे सर्व्हिस पार्कात टर्बो बदलून देणारे मेकॅनिक असतात. दाजींकडे सोसायटीचं पार्किंग आहे.

कंपनी मुद्दाम बंद ठेवते, हे खरंच आहे. प्रदूषण, आवाज आणि वॉरंटी, तिन्ही सांभाळायचं तर ठेवावंच लागतं. ज्या गाड्यांत कंपनीच लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून झटक्यात सुटायची सोय, देते, तिथे तो असा बोंबलत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत.

राहिलं डिझेल. त्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. टू-स्टेप ठिणगी कापणार ती कुठली?