आज अर्धी ओळ झाली

ग्रीसमधल्या अथोस पर्वतावर हिलांदार नावाचा सर्बियन मठ आहे. स्थापना ११९८ची, पोथ्यांचा संग्रह जगात नावाजलेला, आणि बायकांना प्रवेश बंद. नुसत्या मठात नाही, अख्ख्या अथोसवर. पोथ्यांनी मात्र हे सोवळं पाळलं नाही. मायक्रोफिल्म होऊन त्या थेट अमेरिकेत, कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात आल्या आणि तिथल्या ग्रंथालयात कोणाही बाईसमोर निमूटपणे उघडायला लागल्या. त्यामुळे नारायणगावची मी ऐन उन्हाळ्यात ओहायोत, मध्ययुगीन स्लाव हस्तलिखितांच्या वर्गात जाऊन बसले. उन्हाळा बाहेर होता म्हणे. ग्रंथालयाच्या एसीत मी शाल पांघरून असायची.

मोडी येत असल्याने दोन शब्दांत जागा न सोडण्याची खोड मला नवी नव्हती. 'राजश्री'चं नुसतं 'रा' करणारे आपलेच पूर्वज. पण इकडे देवाचं नाव आलं की आदर म्हणून मधली अक्षरं गाळायची आणि डोक्यावर 'तितलो' नावाची आडवी रेघ ओढायची. पोथी धार्मिक, म्हणजे पावलोपावली देव, म्हणजे पावलोपावली गाळलेल्या जागा भरा.

सुरुवातीला 'उस्ताव' नावाचं वळण शिकवतात. प्रत्येक अक्षर ताठ, सुटं, जणू फोटोला उभं. तेव्हा वाटतं, जमतंय की! मग येतं 'स्कोरोपिस', म्हणजे घाईतलं वळण. त्यात शब्दात न मावलेली अक्षरं एसटीच्या टपावर बोचकी टाकावीत तशी ओळीच्या वर फेकलेली असतात. कुठलं बोचकं कुठल्या प्रवाशाचं, ते तुम्ही ठरवायचं.

तारखांची तर न्यारीच तऱ्हा. आकडे नाहीत, अक्षरांनाच किंमत. पहिलं अक्षर एक, पण दुसऱ्याला किंमतच नाही, दोन म्हणजे तिसरं, कारण हिशोब ग्रीक वर्णमालेचा. साल मोजायचं जगाच्या निर्मितीपासून. ६८८५ आलं की ५५०८ वजा करायचे, की झालं १३७७. मात्र वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असेल आणि महिना सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल, तर ५५०९. शकात ७८ मिळवून मोकळे होणारे आपण किती सुखी आहोत, हे परदेशी गेल्याशिवाय कळत नाही.

अण्णा रोज फोन करायचे.

"काय वाचलंस आज?"

"अर्धी ओळ."

"अर्धीच? उरलेल्या अर्धीत काय आहे?"

"ते उद्या कळेल."

"बरं," म्हणून ते टोमॅटोचा भाव सांगायचे. आमच्या दोघांच्या दिवसभराच्या कामात तेवढीच बातमी असायची.

कागद कधीचा, हे त्यातल्या जलचिन्हावरून, म्हणजे वॉटरमार्कवरून ओळखतात. १९०७ साली ब्रिके नावाच्या गृहस्थांनी अशी सोळा हजारांवर चिन्हं छापून ठेवली आहेत. त्यात बैलाची डोकी अमाप. ताव दोनदा घडी घातलेला असला की चिन्ह नेमकं शिवणीत जातं, अर्धा बैल या पानावर आणि अर्धा त्या. शेतकऱ्याच्या घरात जन्मून बैलाच्या शिंगांकडे इतकं निरखून मी कधी पाहिलं नव्हतं.

खरा जीव रमला तो लहियांच्या, म्हणजे पोथ्या उतरवून काढणाऱ्यांच्या तक्रारींत. रशियातल्या प्स्कोवच्या एकाने तर समासातच संत निकोलाला साकडं घातलंय, की बाबा रे, या खरजेतून सोडव. रशियातलाच साधू लाव्रेन्ती १३७७ साली बखरीची प्रत १४ जानेवारीला सुरू करून २० मार्चला संपवतो आणि शेवटी लिहितो: चुकलं असेल तिथे सुधारून वाचा, शिव्या देऊ नका, ग्रंथ जीर्ण आहेत आणि माझी बुद्धी कोवळी. हे वाचेपर्यंत मी त्याच्या भाऊबंदांना भरपूर शिव्या देऊन झाले होते.

आणि मग वाचायला आला अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेरचा व्यापारी, पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि पावसाळ्यात चक्क आमच्या जुन्नरला राहिला! चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. घोड्यांना इथे साखर घालून खिचडी देतात, हेही. सगळा वर्ग शब्दकोश चाळत असताना मी एकटीच हसत होते. सरांनी विचारलं, एवढा पाऊस खरंच पडतो का? उभी राहिले आणि जुन्नरच्या चिखलावर जे बोलले, तेवढं अस्खलित मी त्या वर्गात आधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

त्या रात्री फोन मीच केला. म्हटलं, "अण्णा, या माणसाने शंभर रुबलांचा घोडा आणलेला, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला. म्हणे, मुसलमान हो, तर घोडा देतो आणि वर हजार मोहरा."

"मग झाला?"

"नाही. घोडा मात्र परत मिळाला."

"जुन्नरात? परत?" अण्णा उठून बसल्याचं फोनवरही कळलं. "कसा काय?"

"खुरासानचा कोणी ख्वाजा मुहम्मद आला होता. त्याने खानाकडे शब्द टाकला."

"हां," अण्णा म्हणाले, "म्हणजे ओळख होती."