दुसरा ग्लास मागावा का लागतो?

गेल्या महिन्यात नऊ तासांच्या एका रात्रीच्या विमानप्रवासात, जेवण आटोपल्यानंतर माझ्यापुढचा वाईनचा ग्लास चाळीस मिनिटे रिकामा उभा होता. मी मुद्दाम वेळ मोजत बसले नव्हते. समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा चालू होता आणि उरलेली वेळ त्याच्या कोपऱ्यात दिसत होती. तेवढ्या वेळात केबिन क्रूमधील दोघेजण मिळून तीनदा माझ्या सीटजवळून गेले, आणि तिन्ही वेळा त्यांची नजर नेमकी अशा उंचीवर होती, की कोणाच्याही ट्रेवर काय आहे ते दिसू नये. शेवटी मी उठून गॅलीपर्यंत, म्हणजे क्रूच्या छोट्या स्वयंपाकघरापर्यंत, गेले. पडदा सरकवताच आतले बोलणे थांबले, एकीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "सर्व्हिस संपली आहे, पण बघते." वाईन मिळाली, तीच मिळाली, ग्लासही भरून मिळाला; परंतु जागेवर परतताना आपण काहीतरी आगाऊपणा करून आलो आहोत असे जे वाटले, ते बिझनेस क्लासच्या तिकिटात मला अपेक्षित नव्हते.

पाय पसरून झोपता येईल अशा सीटवर बसलेल्या बाईचे हे दुःख ऐकून काहींना हसू येईल, आणि त्यात त्यांचे फारसे चुकणार नाही. शिवाय ते तिकीट माझ्या खिशातले नव्हते, कंपनीने काढलेले होते. तरीही मुद्दा सोडवत नाही, कारण या वर्गाची जाहिरात करताना विमान कंपन्या रुंद सीटच्या बरोबरीने आदरातिथ्य विकतात, आणि पाहुण्यावर मागण्याची वेळ येऊ न देणे एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे.

पेयांचा प्रश्न विमानात निव्वळ चैनीचाही नसतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात केबिनमधील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली असते आणि हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा राखलेला असतो, त्यामुळे दोन तासांतच घसा कोरडा पडू लागतो. त्यात इंजिनाचा अखंड घोंघाट. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की अशा आवाजात गोड चव मंदावते आणि उमामी, म्हणजे टोमॅटोसारख्या पदार्थांतील ती भरीव चव, उलट अधिक ठळक लागते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे न पाहणारी माणसे विमानात तो आवर्जून का मागतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. चहाचे तर विचारूच नका. ८,००० फुटांच्या दाबाला पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे तो नीट उतरतच नाही, आणि त्याचा दोष मी कधीही क्रूला दिलेला नाही.

आता ज्या ठिकाणी जिभेची ही अवस्था असते, तिथे मेन्यूमध्ये प्रत्येक वाईनचे चरित्र छापायचे, द्राक्षमळ्याच्या उताराची दिशा सांगायची आणि नामांकित शॅम्पेनवर पैसा ओतायचा, हे मला फार पूर्वीपासून उलटे वाटत आले आहे. तोच पैसा जेवणानंतर हातात बाटली घेऊन एक फेरी मारणाऱ्या माणसावर खर्च झाला, तर बाटली साधी असली तरी माझी हरकत नाही.

मद्य न घेणाऱ्यांची गत तर आणखी वेगळी. माझ्या पतींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी मात्र जेवणाबरोबर वाईन घेते. एकदा आम्ही शेजारी शेजारी बसलो असताना क्रूमधील तरुणाने काहीही न विचारता त्यांच्यासमोर रेड वाईन ठेवली, लेबल दिसेल अशी बाटली धरून दोन वाक्ये अदबीने सांगितली, आणि माझ्यापुढे संत्र्याचा रस ठेवून तो पुढे गेला. त्याची पाठ वळताच आम्ही ग्लास बदलले. परत आल्यावर त्याला ते दिसले, बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि पुढचा सगळा प्रवास प्रत्येक वेळी आधी मला विचारत राहिला. त्याच्यावर माझा राग नाही, पण तो रस खोक्यातलाच होता आणि त्याविषयी सांगण्यासारखे एकही वाक्य कंपनीने त्याला शिकवलेले नव्हते. मद्य नको म्हणणाऱ्यालाही तिकीट त्याच दराने पडते, हे अजून फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

क्रूची बाजू मला समजत नाही असे मात्र नाही. १५ मे १९३० रोजी एलेन चर्च बोईंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात पहिली स्टुअर्डेस म्हणून चढल्या, तेव्हा त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या, आणि प्रवाशांना सांभाळणे हाच या कामाचा गाभा अजूनही आहे. अमेरिकेतील आणि युरोपातील नियम दर पन्नास सीटमागे किमान एक केबिन क्रू मागतात, तो आणीबाणीत माणसे बाहेर काढता यावीत म्हणून. ग्लास भरण्याचे काम त्या हिशेबात कुठेच धरलेले नाही. ज्या कंपन्या या किमान संख्येच्या आसपास माणसे नेतात, तिथे बिझनेस क्लासमधील नजर वर का असते हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. अमेरिकेतील अनेक कंपन्यांत तर विमानाचे दार बंद झाल्यानंतरच क्रूचे पगारी तास सुरू होण्याची पद्धत रूढ आहे. डेल्टाने २०२२ साली बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने. बसल्या बसल्या हातात येणाऱ्या स्वागताच्या शॅम्पेनमागचे हास्य बऱ्याचदा बिनपगारी असते, आणि उड्डाणापूर्वी तेच ग्लास धावतपळत गोळाही करायचे असतात. त्यातच कानावरचा हेडफोन न काढता, मान न वळवता ग्लास हवेत धरणारे प्रवासी मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले तर मी क्रूच्याच बाजूने साक्ष देईन.

पण थकलेला माणूस आणि तुच्छतेने वागणारा माणूस यांतला फरक प्रवाशाला कळतो. माझ्या आठवणीत एक वयस्क पर्सर, म्हणजे केबिन क्रूचे प्रमुख, आहेत. त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात वाईनची बाटली असे. अंधारलेल्या केबिनमधून जाताना ते माझ्याजवळ क्षणभर थांबले, काही न बोलता वाईनची बाटली किंचित कलती केली. मी ग्लासवर तळवा ठेवला. त्यांनी शेजारच्या ग्लासात पाणी ओतले आणि ते पुढे गेले. या सगळ्याला पाच सेकंदसुद्धा लागली नसतील. त्याच प्रवासात दोन रांगा पुढे एक गृहस्थ चौथ्या व्हिस्कीसाठी आवाज चढवू लागले, तेव्हा हेच पर्सर त्यांच्या सीटशेजारी गुडघ्यावर बसले, पाणी आणि खाण्याची वाटी पुढे केली आणि हलक्या आवाजात एवढेच म्हणाले, "हे आधी घ्या, मी थोड्या वेळाने येतो." नशेत दिसणाऱ्याला मद्य न देण्याचे बंधनच अमेरिकेच्या नियमांत क्रूवर आहे आणि ते योग्यच आहे. 'नाही' हे त्यांनीही सांगितले होते, परंतु त्या गृहस्थांना कोणासमोर खाली पाहावे लागले नाही, आणि आश्वासन दिल्याप्रमाणे ते खरोखरच परत आले, पाण्याची आणखी एक बाटली घेऊन.

गेल्या महिन्यातल्या त्या प्रवासानंतर दोन दिवसांनी विमान कंपनीकडून अभिप्रायाचा अर्ज आला. वाईनची निवड कशी वाटली, शॅम्पेन पुरेशी थंड होती का, मेन्यूची मांडणी आवडली का, असे पेयांविषयी पाच प्रश्न त्यात होते. जेवणानंतर तुमच्याकडे कोणी आले होते का, हा प्रश्न मी दोनदा शोधला. शेवटी 'अन्य' असे लिहिलेली एक चौकट सापडली, तिच्यात जेमतेम दोन वाक्ये मावत होती. उरलेले इथे लिहिले आहे.