कमिटीत काम काय असतं?

गेल्या आठवड्यात मंडईत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. हातात मेथीची जुडी, आणि थेट मुद्द्यावर. "ताई, वाचनालयाची निवडणूक आलीय ना? आमच्या चिरंजीवांना घ्या की कमिटीत. नाहीतरी फारसं काम नसतं, आणि नाव होतं." मी हसले, कोथिंबीर घेतली आणि घरी आले. भाजी निवडताना मात्र राग चढत गेला. त्यांचा नाही. त्यांना असं वाटावं, अशाच पद्धतीनं आपण इतकी वर्षं कमिट्या चालवल्या, त्याचा.

येत्या रविवारी आमची वार्षिक सर्वसाधारण सभा. तीन-तीन वर्षांच्या तीन मुदती कार्यवाहपद सांभाळल्यावर मी आता थांबतेय. म्हणून हे लिहायला बसले. लांबेल. चहा घेऊन बसा.

मला कार्यवाह केलं तेव्हा "पहिल्या महिला कार्यवाह" म्हणून शाल मिळाली, आणि पंधरा दिवसांनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची जबाबदारी. मधल्या चौदा दिवसांत मी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा त्यात सापडला. त्यानुसार आमचे सात विश्वस्त होते. सातांपैकी तिघे स्वर्गवासी, एक पुण्याला मुलीकडे कायमचे राहायला गेलेले. म्हणजे कागदावर वाचनालय चालवत होते ते निम्म्याहून अधिक लोक या गावात, किंवा या जगातच नव्हते.

कारण साधं. दर निवडणुकीनंतर हार घातले गेले, फोटो छापून आला, पेढे वाटले. पण विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो सलग दोन मुदती कुणी दिलाच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं दिला असेल. मार्चअखेरीला अनुदानाचा हप्ता खात्यात आला आणि काढता येईना, कारण सही करणाऱ्या दोघांपैकी एक देवाघरी आणि बँकेला हवा नव्या विश्वस्तांच्या नोंदीचा कागद. ग्रंथपालाचा पगार तेव्हा चार महिने थकला होता.

मला वाटलं होतं वाचनालय म्हणजे पुस्तकं. पहिली दोन वर्षं मी मृत्यूचे दाखले गोळा केले, विलंब माफीचे अर्ज केले आणि तारखांना गेले. एका दिवंगत विश्वस्तांच्या सूनबाईंनी दाखला हातात देताना विचारलं, "बाबा अजून पदावर आहेत?" आहेत म्हटलं. त्यांनी मला चहा दिला.

हे सगळं आपल्याच माथी का, हा प्रश्न पडला म्हणून थोडं वाचलं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. मद्रास (आताचं तमिळनाडू) आणि कर्नाटकच्या कायद्यांत ग्रंथालय कर आहे, आपल्या कायद्यात तो ठेवलाच नाही. आपल्याकडे रीत अशी की गावातल्या लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची, चालवायची, आणि सरकारनं तिला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यायचं. शासनाची स्वतःची म्हणावीत अशी ग्रंथालयं मोजकी, जिल्ह्याच्या ठिकाणची वगैरे. बाकी हजारो वाचनालयं म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या कमिट्या. (एका मराठी राजानं हे सरकारनं करायचं काम म्हणून करून दाखवलं होतं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ आणला आणि संस्थानभर मोफत वाचनालयं काढली. पण ते गुजरातेत. आपण त्यांच्या नावानं व्याख्यानमाला घेतो.)

मला आपली रीत वाईट वाटत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. ती लोकांनी उभी केली आणि अजून उभी आहेत. सरकारी खात्याला गावातल्या कुठल्या म्हातारीला कसली पुस्तकं लागतात हे कधी कळणार नाही, आमच्या शिपायाला कळतं. पण या रीतीत एक मेख आहे. सगळी इमारत कमिटीतल्या आठ-दहा बिनपगारी माणसांवर उभी राहते, आणि बिनपगारी माणसांना आपण बिनपगारी असल्याचा फार लवकर अभिमान वाटू लागतो. तो अभिमान मग पगार घेणाऱ्याच्या अंगावर जातो.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं लिहितेय त्याकडे येते. माझ्या दुसऱ्या मुदतीत मासिक सभेपुढे दोन विषय होते. एक, नव्या सभागृहात आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक, खर्च अडतीस हजार. दोन, ग्रंथपालाचा पगारवाढीचा अर्ज. माणूस तेव्हा सतरा वर्षं नोकरीत होता, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेला, हातात महिन्याला साडेसहा हजार. फलकाचा विषय दहा मिनिटांत मंजूर झाला, त्यातली सात मिनिटं नावं पदानुसार की अकारविल्हे यात गेली. मग अर्ज वाचला गेला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, अगदी शांतपणे, "आपण इथे कुणी एक पैसा घेतो का? मग त्यांनीही थोडा सेवाभाव ठेवावा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. ग्रंथपाल बाहेर काउंटरवर होता, दार उघडं होतं.

त्या वाक्यात काय चुकलं हे कळायला मला दोन दिवस लागले, कारण वरवर ते किती सात्त्विक वाटतं! मी माझ्या अकाउंटिंगच्या कामावर पोट भरते आणि संध्याकाळचे दोन तास वाचनालयाला देते. ज्येष्ठांना पेन्शन आहे. आमचा सेवाभाव हा आमच्या भरल्या पोटाचा आहे. जो माणूस दिवसाचे सहा तास काउंटरवर बसतो, ज्याचं पोट त्यावर आहे, त्याच्याकडे सेवाभाव मागणं म्हणजे त्याच्या खिशातून आपण दानशूर होणं. आम्ही देत होतो फावला वेळ, त्याच्याकडे मागत होतो मुलांची फी.

अनुदान तुटपुंजं आहे यात शंका नाही. सगळ्यात खालच्या, ड वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयाला २०१२ नंतर कितीतरी वर्षं वर्षाला तीस हजार मिळत होते. वर्षाला. महिन्याचे अडीच हजार, त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि माणूस. पुढे साठ टक्के वाढ झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयातही पगाराला ठेवलेला हिस्सा ग्रंथपाल, सहायक आणि शिपाई या तिघांत वाटला की काय उरतं ते तुम्हीच भागाकार करून बघा. सरकारशी भांडायचंच, मोर्चाला मीही गेलेय. मात्र "सरकार देत नाही" हे वाक्य कमिटीला फार सोयीचं असतं. अडतीस हजार सरकारनं दिले नव्हते. ते आमच्याकडे होते.

पुढच्या सभेत मी विषय पुन्हा आणला. वाद झाला, दोघे अजूनही नीट बोलत नाहीत. शेवटी फलक साध्या सनमायकाचा झाला (छान दिसतो, या बघायला). मासिक वर्गणी तीसची पन्नास केली. एक्केचाळीस सभासद सोडून गेले, वर्षभरात निम्मे परत आले. दिवाळी अंक योजनेचे पैसे आधी कुठेतरी जिरून जायचे, ते पगारासाठी बाजूला काढायचे ठरवलं. अभ्यासिकेचं शुल्क मिळत होतंच. अभ्यासिकेवरून जुन्या सभासदांची कुरकुर असते, की ही पोरं स्वतःची पुस्तकं आणतात, आपल्या एकाही कादंबरीला हात लावत नाहीत, हे काय वाचनालय? खरं आहे. पण एमपीएससीची ती पन्नास पोरं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात, आणि त्यांच्या शुल्कातून तुमच्या कादंबऱ्यांवरचे दिवे जळतात. कुरकुर जरा हळू करा, त्यांचा अभ्यास चालू असतो.

असं सगळं गोळा करून ग्रंथपालाला महिन्याला अडीच हजार वाढवता आले. नऊ वर्षांत मी पैशाचं केलेलं सगळ्यात मोठं काम हे. साडेसहाचे नऊ. मला सांगताना लाज वाटते, पण आकडा लपवला तर या पोस्टला अर्थ नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथल्या गावच्या लायब्ररीच्या "फ्रेंड्स" मंडळाच्या बोर्डावर ती आहे, तीही बिनपगारी. वर्षातून दोनदा जुन्या पुस्तकांची विक्री, त्यातून मुलांचे कार्यक्रम, कधी एखादा प्रोजेक्टर. मी फोनवर विचारलं, "ग्रंथपालांच्या पगाराचं कसं करता गं?" तिला प्रश्नच कळेना. "मावशी, ते आमचं काम नाही, ते गावाच्या टॅक्समधून जातं." तिथे कायद्यानं ठरलेलं आहे म्हणे, घरांच्या करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे निदान तेहतीस सेंट पालिकेच्या लायब्ररीला. मग तुम्ही कार्यक्रमच करता का, असं मी जरा खोचकपणे विचारलं. ती म्हणाली, हो, आणि पालिकेच्या बजेटच्या सभेला जाऊन बसतो, लायब्ररीचे तास कमी करू नका म्हणून. तिला मी आमच्या चेंज रिपोर्टची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मला तितकं हसू आलं नाही.

तर चिरंजीवांना कमिटीत यायचं असेल तर कामं ही अशी. चेंज रिपोर्ट. सप्टेंबरच्या आत ऑडिट. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या दिवशी दाखलनोंद रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ते) आणि कपाटातली पुस्तकं यांचा मेळ. जूनमध्ये गच्चीवर चढून पन्हळीतला पाला काढणं. वाळवी. लोक आईवडील गेल्यावर तीन पोती पुस्तकं आणून टाकतात, त्यात दहावीची जुनी गाईडं, सतरा वर्षांपूर्वीच्या डायऱ्या, आणि वर "कै." लिहिलेली पाटी हवी असते. त्यांना न दुखवता पोती परत पाठवणं हे माझ्या मते कार्यवाहपदाचं खरं कौशल्य. मला ते नऊ वर्षांत जमलं नाही. मागच्या खोलीत अकरा पोती आहेत, नव्या कार्यवाहांना माझ्याकडून भेट.

आणि महिन्याच्या एक तारखेला ग्रंथपालाच्या खात्यात पैसे गेले का ते बघणं. गेले नसतील तर का, ते त्याला स्वतः जाऊन सांगणं. हे कुठल्याच घटनेत लिहिलेलं नाही.

मंडईतल्या त्या गृहस्थांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मुलाला शनिवारी दुपारी पाठवा, पुस्तक पडताळणी चालू आहे. खरंच आला. बावीस-तेवीसचा असेल. मास्क न लावता चरित्रांचं कपाट उघडलं आणि धुळीनं दहा मिनिटं शिंकत बसला. मग ग्रंथपालानं रजिस्टरमधला नंबर वाचायचा आणि यानं पुस्तक शोधायचं, असं दोघांनी अडीच कपाटं केली. नऊ पुस्तकं गहाळ निघाली, एक उलटं ठेवलेलं सापडलं. जाताना म्हणाला, "काकू, उरलेली कधी करायची?" मी म्हटलं, बुधवारी. येतो की नाही, बघू.

सभा रविवारी साडेपाचला. नेहमीप्रमाणे गणपूर्ती होणार नाही, मग तहकूब सभा सहाला त्याच जागी. निवडून यायचं असेल त्यांनी आधार आणि पॅनच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत आणाव्यात. चेंज रिपोर्टचा अर्ज मी भरून ठेवलाय, फक्त नावं लिहायची राहिलीत.