‘साखरेला कुठल्या गोऱ्याचा रिसर्च होता?’ : एका परिसेविकाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

सहीच्या जागी तुम्ही ‘एक निवृत्त परिसेविका, धुळे जिल्हा’ (परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) एवढंच लिहिलंय, म्हणून ताई म्हणते. वॉर्डात भेट झाली असती तर मॅडम म्हणाले असते आणि बहुधा उभ्यानेच बोलले असते.

चौथ्या वर्षाच्या मुलींना संशोधन वाचून रुग्णाची काळजी घ्यायला कसं शिकवते, यावर मी मागच्या लेखात लिहिलं होतं. नवीन वाचणाऱ्यांसाठी तुमची प्रतिक्रिया तुमच्याच शब्दांत इथे देते:

“31 वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. 50 खाटा आणि रात्री एक सिस्टर. तिने लॅपटॉप उघडून पेपर वाचायचा की सलाईन संपलं ते बघायचं? तुमच्या डिग्रीच्या मुलींना पीपीटी येते, शीर सापडत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या पोरींना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांच्या डोक्यावर परदेशी रिसर्च कशाला? आम्ही बेडसोरमध्ये साखर भरून जखमा बऱ्या केल्या, त्याला कुठल्या गोऱ्याचा रिसर्च होता? आणि डॉक्टरांनी सांगितलेलं न करणारी सिस्टर मला एक दाखवा.”

वाचून राग आला, हे लपवत नाही. पण जेवण झाल्यावर पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की यातलं निम्मं मी स्वतःच स्टाफ रूममध्ये बोलत असते.

शिरेचं तर सगळंच मान्य. एका खाटेभोवती बारा ॲप्रन उभे असतात, सुई एकीच्या हातात येते आणि बाकीच्या अकरा जणी प्रोसिजर बुकात ‘निरीक्षण केले’ लिहून मोकळ्या होतात. पण हा दोष रिसर्चचा नाही. रिसर्च शिकवायचं बंद केलं तरी त्या अकरा जणींच्या हातात सुई येणार नाही.

रिसर्चच्या नावाखाली आम्ही जे शिकवतो त्याबद्दल तुम्ही फारच सौम्य बोललात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तुम्ही पाहिला असेल. विषय ठरलेला असतो: अमुक गावातल्या मातांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून अर्ध्या तासाचं भाषण, मग तीच प्रश्नावली. ज्ञान वाढतंच. अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं कोण विसरेल? त्या मातेने घरी जाऊन काही वेगळं केलं का, हे बघायला कोणी फिरकत नाही. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग होतं आणि प्रत कपाटात जाते. असे प्रोजेक्ट मी स्वतः पास केलेत. मुलींना संशोधन ‘करायला’ लावण्याची आम्हाला घाई, पण झालेलं संशोधन ‘वापरायचं’ कसं ते कोणी शिकवत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला लागतं ते हे दुसरं.

हे मला एका विद्यार्थिनीने शिकवलं. मी तेव्हा बॅक केअर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीची काळजी, शिकवत होते. तुम्हीही तसंच शिकला असाल: गरम पाण्याने पुसायचं, स्पिरिट चोळायचं, हाडाच्या जागी नीट मसाज द्यायचा, वर पावडर. सहा वर्षं मी हे शिकवलं, परीक्षेत याचे मार्क दिले. शिरपूरकडची एक मुलगी, घरात अहिराणी बोलणारी, प्रात्यक्षिक चालू असताना पटकन बोलून गेली, “मॅडम, हाई कशाले करानं?” बाकीच्या हसल्या. मी म्हणाले, रक्ताभिसरण वाढतं. ती गप्प बसली, पण माझंच मन गप्प बसेना. हे मला कुणी सांगितलं? माझ्या ट्यूटरने. तिला? तिच्या ट्यूटरने.

शोधलं तर निघालं भलतंच. दाबाच्या जखमांवरच्या, म्हणजे बेडसोरवरच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की जिथे जखम व्हायचा धोका आहे ती कातडी जोरात चोळायची नाही. आतल्या नाजूक ऊतींना इजा होते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. नातेवाईक पदरमोड करून मेडिकलमधून हवेची गोल रिंग आणतात, तीही वापरू नका म्हणतात, कारण कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा तोडतो. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांची पाठ मी मन लावून चोळली, त्यांतल्या काहींचं मी नुकसानच केलं असणार. ताई, मला त्या रात्री झोप आली नाही. अनुभव माझ्याकडेही होता, पण चुकीचं काम सहा वर्षं केलं तर सहा वर्षांचा अनुभवच होतो ना.

त्या दिवसापासून आमच्या पोस्टिंगला एक वही असते. पहिल्या पानावर फक्त ‘कशाले?’ लिहिलंय. वॉर्डात जे करतो त्यातल्या कशाचंही कारण कळलं नाही की मुलीने आपल्या भाषेत वहीत लिहायचं. अहिराणी चालते, पावरी चालते.

परदेशी रिसर्चचा तुमचा मुद्दा मात्र जरा सावकाश बोलण्यासारखा आहे. त्या वहीतला एक प्रश्न सांगते. हाताची आयव्ही, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली इंट्राकॅथची नळी, तिसऱ्या दिवशी बदलायचीच, हा नियम तुमच्या वेळी होता, माझ्याही वेळी होता. कशाले? शिरेला सूज येऊ नये म्हणून. 2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांतली चाचणी छापून आली. रुग्ण 3,283. एका गटाची आयव्ही ठरलेल्या दिवशी बदलली, दुसऱ्या गटाची दुखणं, लाली, सूज, गळती असं काही झालं तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत 7 टक्के. मुली खूश! एक टोचणं वाचलं, एक इंट्राकॅथ वाचली.

मग एकीने विचारलं, “मॅडम, काही झालं तर बदलायची, म्हणजे कोणीतरी रोज बघतंय असंच ना?” मी म्हटलं, चला बघू. आम्ही फक्त वॉर्डभर फिरलो. सुई टोचली ती जागा पांढऱ्या चिकटपट्टीखाली पूर्ण झाकलेली, त्यावर तारीख नाही. आयव्ही कधी लावली, कोणी लावली, केसशीटमध्येही नाही. अशा ठिकाणी ‘गरज पडेल तेव्हा बदला’ याचा अर्थ होतो ‘हात सुजून केळीच्या खांबासारखा झाला की बदला’. नंतर आम्हाला जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांतला 2021 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सापडला. तिथे ठरावीक दिवशी बदलणं बंद केल्यावर आयव्हीमुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण वाढलं, जुना नियम परत आणल्यावर ते उतरलं. जिनिव्हात ही गत, तर आपली काय!

तर आम्ही काय केलं? चिकटपट्टी अशी लावायची की सुईची जागा उघडी दिसेल, पट्टीवर पेनने तारीख-वेळ, आणि ड्यूटी बदलताना ओव्हर घेताना केसशीटच्या आधी रुग्णाचा हात बघायचा. जिथे हे रोज होतं तिथे क्वीन्सलँडचं ऐकायचं. जिथे होत नाही तिथे तिसऱ्या दिवसाचा जुना नियमच बरा. हा निर्णय कुठल्याही पेपरात लिहिलेला नव्हता. तो घ्यायला पेपर आणि वॉर्ड दोन्ही माहीत असावे लागतात आणि त्यातलं वॉर्ड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी करणारे डेव्हिड सॅकेट यांनी 1996 मध्येच लिहून ठेवलंय की अनुभवी नजर नसेल तर पुरावा जुलूम करायला लागतो, आणि ताजा पुरावा नसेल तर अनुभव शिळा होतो. पहिलं वाक्य तुमच्या बाजूचं. दुसरं वाचून माझं मला स्पिरिट आठवलं.

इंग्रजीचं बोलू. खरंय, धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलींना पेपर वाचवत नाही. जळगावच्या मुलींनाही वाचवत नाही आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही वाचवत नव्हता. मी एक पान मराठीत करून देते, त्यात आकडे किती, कोणावर, कुठे एवढंच. पण पुढचं ऐका. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायची पद्धत, आपण कांगारू म्हणतो ती, बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच सुरू केली तर काय होतं, यावर 2021 साली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. गोऱ्यांचा एकही देश नाही, बघा. नेहमीच्या पद्धतीत 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली, लगेच छातीशी धरलेल्यांत 12 टक्के. हे आकडे घेऊन माझी इंग्रजी फाडफाड वाचणारी विद्यार्थिनी सातपुड्यातून आलेल्या एका आजीला समजावत होती. आजीचा चेहरा दगडासारखा. नातवाला काचेच्या पेटीतून काढून सुनेच्या उघड्या अंगावर ठेवायचं, हे तिला उपचार वाटेचना. शेवटी धडगावची मुलगी पुढे झाली आणि पावरीत दोन वाक्यं बोलली. मला नंतर कळलं ती काय म्हणाली: कोंबडी पिल्लाला पंखाखालीच ठेवते, टोपलीखाली नाही. आजीने स्वतः उठून पडदा ओढला. ज्या मुलीला पेपर वाचता येत नव्हता तिनेच तो पोहोचायला हवा होता तिथे पोहोचवला. मग तिच्या डोक्यावर तो ठेवायचा नाही, असं कसं म्हणू?

50 खाटा आणि एक सिस्टर. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण पुरावा आहे, आणि तो तुमच्या हातात असायला हवा होता. 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या 300 रुग्णालयांचा अभ्यास आला. एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथली नर्स सरासरी किती रुग्ण सांभाळते हे पाहिलं तर तुम्ही हसाल. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालंय असं म्हणता येत नाही, आणि युरोपचा आकडा धुळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी भरतीची मागणी करताना ‘आम्ही दमतो’ म्हणणं वेगळं आणि ‘रुग्ण दगावतात’ म्हणणं वेगळं. (त्याच अभ्यासात पदवीधर नर्सचं प्रमाण जिथे जास्त तिथे मृत्यू कमी, असंही दिसलं. तुमच्या पीपीटीच्या टोमण्यानंतर हे सांगताना मला अवघडल्यासारखं होतंय. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून पुढे आलेय, म्हणून दोन्हीकडचं बोलणं खाते.)

डॉक्टरांनी सांगितलेलं न करणारी सिस्टर मी दाखवू शकत नाही. विद्यार्थिनीने राउंडमध्ये सरांना पेपर दाखवावा असं मी कधीच सांगत नाही, तिचं पोस्टिंग जाईल. प्रसूतीआधी सरसकट एनिमा देणं आणि ब्लेडने खालचे केस काढणं नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या सूचनांत लिहिलंय. आम्ही जातो त्या एका ठिकाणी ट्रेमध्ये ब्लेड अजून असतंच. दुसऱ्या एका ठिकाणचं ब्लेड गेलं, पण ते विद्यार्थिनीमुळे नाही आणि माझ्यामुळेही नाही. तिथल्या इन्चार्ज सिस्टरने एका दुपारी सरांना चहा देताना विचारलं, “सर, हे आपण का करतो हो?” सरांनाही माहीत नव्हतं. पुढच्या इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, तिने ब्लेड लिहिलीच नाहीत. ही ताकद इन्चार्जची, म्हणजे तुमच्या जागेची. म्हणूनच तुम्ही या विषयाच्या विरोधात उभ्या आहात याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता साखर. तुम्ही ती मला गप्प करायला लिहिलीत, पण तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. साखर जखमेतलं पाणी ओढते, जंतूंना वाढायला पाणी उरत नाही, हा त्यामागचा विचार. आणि त्यावर रिसर्च आहे, तोही गोऱ्याचा नाही. मोझेस मुरांडू नावाचे नर्स मूळचे झिम्बाब्वेचे. लहानपणी वडील जखमेवर साखर घालायचे ते त्यांनी पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला नर्सिंग शिकवायला लागल्यावर त्यांनी तोच प्रश्न नीट मांडला आणि सडलेल्या जखमांवरचा त्यांचा पहिला छोटा अभ्यास 2011 साली जखमांच्या उपचारावरच्या मासिकात छापून आला. साखरेची बहीण मध. तिच्यावर बऱ्याच चाचण्या झाल्यात. वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा लवकर भरतात असं दिसतं, बेडसोरबद्दल मात्र चित्र स्पष्ट नाही.

म्हणजे मुरांडूंनी जे पाहिलं ते तुम्हीही 31 वर्षं पाहिलंत. त्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणून तुम्हाला विचारते, आणि हे प्रश्न वहीत तुमच्या नावाने लिहिणार आहे: कुठल्या जखमा? मधुमेहाचे रुग्ण होते का त्यात? साखर दाणेदार की दळलेली? दिवसातून किती वेळा बदलायचात? ज्यांना साखर भरली नाही त्यांचं काय झालं? आणि ज्यांची जखम साखरेनेही भरली नाही, असे किती आठवतात?

गुरुवारी दुपारी दोन वाजता आमच्या मुली वही घेऊन बसतात. तुम्ही या. पीपीटी नाही, चहा आहे. येताना इंट्राकॅथ धरायची तुमची पद्धतही दाखवा, त्या बारा जणी तुमच्या खाटेभोवती उभ्या राहतील, पण सुई एकेकीच्या हातात द्या.

आणि मे महिन्यात वॉर्डात मुंग्यांचं काय करायचात, ते आधी कळवा. मुलींनी तो प्रश्न आत्ताच विचारलाय.