महसीर वाचवण्याची सोपी रीत

पुण्याच्या नदीत महसीर मासा पुन्हा नांदावा अशी सदिच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर सर्वप्रथम नदीकडे पाहण्याचा मोह आवरावा. संवर्धन मत्स्यबीजाच्या पिशवीपासून सुरू होते आणि छायाचित्रापाशी संपते, एवढे ध्यानात घेतले की पुढचे सारे सोपे आहे.

भाषणासाठी इतिहास हाताशी ठेवावा. दख्खनच्या या महसीराचे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या ‘टॉर खुद्री’चे, पहिले शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तेही पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून, तेव्हा ही जात मूळची पुणेकरच म्हणायची. हे वाक्य हमखास टाळ्या घेते. मात्र त्याच जागी आज कोणता मासा मिळतो असे श्रोत्यांतून कोणी विचारलेच, तर वेळेअभावी पुढील वक्त्यास पाचारण करावे. कारण उत्तर बहुधा चिलापी असे असते, आणि ही चिलापी आफ्रिकेहून आलेली असली तरी आपल्या सांडपाण्यात ती आपल्यापेक्षा समाधानाने राहते.

आता बीजाकडे वळू. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराची अंडी फलित करून पिले वाढवली जातात. ते काम अस्सल आणि चिकाटीचे आहे. आपण तेथून पिले तेवढी आणावीत, चिकाटी तेथेच राहू द्यावी. पिले सोडण्यापूर्वी पिशवी काही वेळ नदीच्या पाण्यावर तरंगत ठेवून आतले-बाहेरचे तापमान जुळू द्यायचे असते, असे जाणकार सांगतात. पण पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो. म्हणून पिशवीचे तोंड कॅमेऱ्याकडे करून ती एकदम उपडी करावी, आणि जलपर्णी चौकटीत येणार नाही असा कोन छायाचित्रकाराला आधीच दाखवून ठेवावा.

कोणत्या नदीत कोणता मासा, याचा फार घोळ घालू नये. आपला हाच महसीर कावेरीत सोडला गेला आणि तेथे इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मागे पडत गेला व २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. दरम्यान आपला मासा धोक्यातील जीवांच्या जागतिक यादीतील संकटग्रस्त वर्गातून सुखरूप बाहेर पडला. मुळा-मुठेला ही आनंदाची बातमी अद्याप कोणी कळवलेली दिसत नाही.

महसीराला एक जुनी खोड आहे. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यात गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ पासून उभे आहे, खाली बंधारे आहेत, आणि तळाची वाळू-खडी बऱ्याच ठिकाणी इमारतींच्या स्लॅबमध्ये सुस्थितीत आहे. अशा वेळी माशानेच सवयी बदलाव्यात, हे व्यवहार्य नव्हे काय? मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचा विषय तर चुकूनही काढू नये. तो नेहमी दुसऱ्या खात्याचा असतो.

एवढे करूनही मासा दिसला नाही, तर पुलाच्या कठड्यावर त्याचे भव्य चित्र रंगवून घ्यावे. खवले सोनेरी असावेत, पाणी निळे असावे, आणि खालचे ‘सौजन्य’ माशापेक्षा ठळक अक्षरांत असावे.